एमआरव्हीत सायनस दिसत नाही, म्हणजे गुठळीच आहे का?

प्रश्न राजगुरुनगरच्या एका फिजिशियन डॉक्टरांचा आहे. २६ वर्षांची बाळंतीण, सिझेरियनला १२ दिवस झालेले. चार दिवसांपासून डोकं दुखतंय, उलट्या होतायत, काल एक फिट येऊन गेली. जवळच्या सेंटरवर साधा सीटी केला, तो ‘नॉर्मल’ आला. मग पुण्याला पाठवून एमआरआय आणि एमआरव्ही (एमआरआयच्याच मशीनवर काढलेलं मेंदूच्या शिरांचं चित्र) केला. रिपोर्ट असा: ‘डावा ट्रान्सव्हर्स सायनस दिसत नाही, थ्रॉम्बोसिस किंवा हायपोप्लेसिया, क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ सायनस म्हणजे इथे नाकाजवळची पोकळी नव्हे, मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर. थ्रॉम्बोसिस म्हणजे तिच्यात गुठळी, हायपोप्लेसिया म्हणजे ती जन्मतःच लहान, आणि शेवटच्या शब्दांचा अर्थ ‘लक्षणांशी ताडून तुम्हीच ठरवा’. आता हेपॅरिन (गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन) सुरू करायचं का, पुढे कोणती तपासणी मागायची, आणि मुळात कोणती मागायला हवी होती?

आज काय करायचं ते आधी. या रिपोर्टवर थांबू नका. सेंटरकडून सगळ्या प्रतिमांची सीडी किंवा लिंक मागवा. फिल्मवर एमआरव्हीची गोल फिरवलेली सात-आठ चित्रं असतात, आणि नेमक्या त्या चित्रांवरूनच हा प्रश्न सुटत नाही. मूळ स्लाइसमध्ये डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसच्या जागी टी१, टी२ आणि एसडब्ल्यूआय या एमआरआयच्या तीन प्रकारच्या चित्रांवर काय आहे ते बघा. साधा सीटी हाताशी आहेच. तो हाडाच्या विंडोत उघडा आणि कवटीच्या आतल्या बाजूची सिग्मॉइडची (ट्रान्सव्हर्सच्या पुढच्या, खाली वळणाऱ्या सायनसची) खाच व खालचं जुग्युलर फोरामेन (शीर कवटीबाहेर पडते ते छिद्र) डावीकडे केवढं आहे आणि उजवीकडे केवढं, ते ताडून पाहा. एवढ्यानं उलगडा झाला नाही तर आजच सीटी व्हेनोग्राम (कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरा उजळवणारं औषध टोचून केलेला शिरांचा सीटी) करा. आणि काही कारणानं तो आज होणारच नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करून हेपॅरिनचा निर्णय आजच घ्या. बाळंतपण, वाढत जाणारी डोकेदुखी आणि फिट ही तिन्ही एकत्र आल्यावर सकाळपर्यंत थांबण्यासारखं काही उरत नाही. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसला तरी शिरेतल्या गुठळीसाठी हेपॅरिन देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या २० रुग्णांच्या चाचणीपासून हे चालत आलंय, आणि तरीही दर वर्षी कुणी तरी ‘ब्लीड आहे’ म्हणून इंजेक्शन थांबवतंच.

आता मूळ अडचणीकडे. साध्या एमआरव्हीत शीर दिसत नसते, शिरेतून धावणारं रक्त दिसत असतं. आपल्याकडे ‘एमआरव्ही’ म्हणून जे होतं ते बहुतेक वेळा कॉन्ट्रास्ट न देता केलेलं द्विमितीय टाइम ऑफ फ्लाइट असतं. त्यात मशीन एकाच स्लाइसवर पुन्हा पुन्हा पल्स मारून तिथल्या स्थिर ऊतींचा सिग्नल दाबून टाकतं. बाहेरून त्या स्लाइसमध्ये नव्यानं शिरणारं रक्त दाबलेलं नसतं, म्हणून ते पांढरं चमकतं. रक्त स्लाइसला काटकोनात छेदून गेलं तर छान चमकतं. तेच रक्त स्लाइसच्या पातळीतूनच आडवं सरकत राहिलं, तर तेही दाबलं जातं आणि शीर ‘गायब’ होते. स्लाइस साधारणपणे कोरोनल घेतात. त्यामुळे डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या सुपीरिअर सॅजिटल सायनसचा माथ्यावरचा भाग उत्तम दिसतो, पण कानामागे आडवा जाणारा ट्रान्सव्हर्स आणि तिथून खाली वळणारा सिग्मॉइड यांत ठिगळं पडतात. म्हणून तंत्रज्ञानं स्लाइस थोडे तिरके लावावेत आणि मानेतून वर येणारं धमन्यांचं रक्त दाबण्यासाठी खाली सॅच्युरेशन बँड ठेवावा. घाईच्या वेळी तिरपेपणा राहून जातो. हवीहवीशी सगळी शिरांची झाडं एका सुरेख चित्रात दिसतात म्हणून आपण तेवढंच बघतो, हा दोष मात्र मशीनचा नाही.

यात भर म्हणजे माणसांच्या दोन्ही बाजूंचे ट्रान्सव्हर्स सायनस सारखे नसतात. बहुतेकांत उजवा मोठा आणि डावा लहान असतो. लहान बाजूत रक्त कमी आणि हळू जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमआरआय नॉर्मल असलेल्या १०० जणांचे टाइम ऑफ फ्लाइट एमआरव्ही तपासले होते. त्यांपैकी ३१ जणांत ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये प्रवाह तुटल्यासारखा दिसला. पण मोठ्या बाजूच्या सायनसमध्ये किंवा सुपीरिअर सॅजिटलमध्ये असा खंड एकाही माणसात नव्हता. ही दुसरी अर्धी गोष्ट जास्त कामाची आहे. उजवा, ठसठशीत सायनस गायब असेल किंवा सॅजिटलमध्ये तूट असेल तर ती ‘नॉर्मल व्हेरिअंट’ म्हणून सोडू नका. तुमच्या रुग्णात डावा गायब आहे, म्हणजे ती नेमकी त्या घोटाळ्याच्या जागेत अडकली आहे. म्हणून खाच बघायला सांगितली. डावी खाच उथळ आणि फोरामेन चिमुकलं असेल तर सायनस जन्मतःच लहान असण्याची शक्यता वाढते. खाच चांगली खोल, पण प्रवाह नाही, हे काळजीचं. अर्थात लहान सायनसमध्येही गुठळी होऊ शकते, त्यामुळे खाच लहान निघाली म्हणून फाइल बंद होत नाही. शेवटी गुठळी स्वतः डोळ्यांना दिसली पाहिजे.

गुठळी एमआरआयवर कशी दिसते ते तिच्या वयावर ठरतं, आणि पहिले पाचेक दिवस सगळ्यात फसवे. त्या काळात गुठळीत डीऑक्सिहिमोग्लोबिन असतं. टी१वर ती मेंदूच्या रंगाचीच दिसते आणि टी२वर काळी. वाहतं रक्तही टी२वर काळंच असतं. म्हणजे टी२वर सायनस ‘मोकळा’ वाटतो आणि आत गुठळी बसलेली असते. या दिवसांत तुम्हाला वाचवतो तो एसडब्ल्यूआय, किंवा तो नसेल तर साधा ग्रेडिएंट इको. ताज्या गुठळीचा काळा डाग त्यात फुगून, मूळ शिरेपेक्षा जाड दिसतो. सहाव्या दिवसापासून साधारण पंधराव्या दिवसापर्यंत मेथहिमोग्लोबिनमुळे गुठळी टी१ आणि टी२ दोन्हींवर पांढरी होते. ही ओळखायला सोपी. पण याच काळात टाइम ऑफ फ्लाइट उलट्या बाजूनं फसवतो. टी१वर पांढरी असलेली गुठळी त्याही चित्रात झिरपते आणि एमआयपीमध्ये (सगळे स्लाइस एकत्र करून बनवलेल्या फिरत्या चित्रात) सायनस भरलेला वाटतो. मूळ स्लाइसमध्ये बघितलं तर तिची चमक वाहत्या रक्तापेक्षा मंद, करडी असते. फेज कॉन्ट्रास्टमध्ये (हा एमआरव्हीचाच दुसरा प्रकार) हा गोंधळ होत नाही, कारण तो फक्त वेग मोजतो. त्यात वेग-मर्यादा सेकंदाला १५ ते २० सेंटिमीटर ठेवावी लागते. धमन्यांसाठीची मोठी मर्यादा तशीच राहिली तर हळू वाहणारं रक्त निघून जातं आणि पुन्हा खोटी गुठळी तयार होते. दोन आठवड्यांनंतर सिग्नल कसाही असतो. त्याहून जुन्या गुठळीत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि ती कॉन्ट्रास्टही घेते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट देऊन ‘भरलेला’ दिसणारा सायनस मोकळाच आहे असं धरून चालत नाही.

चार दिवसांची डोकेदुखी म्हणजे तुमच्या रुग्णाची गुठळी, असलीच तर, या फसव्या टप्प्याच्या शेवटाला असेल. एसडब्ल्यूआय झाला आहे का ते आधी बघा. झाला नसेल तर एमआरआय अपुरा आहे, रिपोर्ट कितीही लांबलचक असो.

एसडब्ल्यूआय वाचताना एक पथ्य आहे. त्यात सगळ्याच निरोगी शिरा काळ्या दिसतात, कारण शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमीच असतो. काळी शीर दिसली की गुठळी, असा हिशोब केला तर अर्धं पुणे हेपॅरिनवर जाईल. बघायचं ते असं: शेजारच्या शिरांपेक्षा जाड, दोरीसारखी, ठरावीक लांबीनंतर तुटणारी काळी रेघ, आणि तिच्या आजूबाजूला सूज किंवा मेंदूच्या घड्यांतला रक्ताचा पातळ थर. फक्त एका कॉर्टिकल शिरेची गुठळी असते तेव्हा सायनस पूर्ण निरोगी असतात, एमआरव्ही आणि कित्येकदा सीटी व्हेनोग्रामही स्वच्छ येतो, आणि पुरावा म्हणून एवढीच एक दोरी हाती लागते. कानाच्या हाडाजवळ, मॅस्टॉइडमधल्या हवेमुळे एसडब्ल्यूआय बिघडतो. म्हणून सिग्मॉइड सायनसचा निवाडा त्याच्यावर करू नका.

साधा सीटी ‘नॉर्मल’ आला यात आश्चर्य नाही. शिरेच्या गुठळीत साधा सीटी १० पैकी जेमतेम ३ रुग्णांत काही दाखवतो. पण तो रिपोर्टपुरता नॉर्मल होता की खरंच नॉर्मल होता, हे परत एकदा बघण्यासारखं आहे. सायनसमध्ये कर्सर ठेवून हाउन्सफील्ड आकडा (सीटीवरची घनता) मोजा. रक्ताचं प्रमाण नेहमीचं असेल तर वाहतं रक्त ५० ते ६०च्या आसपास असतं. ६५-७०च्या वर गेलं की संशय घ्यायचा. हा आकडा पीसीव्हीवर (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर) हलतो, म्हणून हाउन्सफील्डला पीसीव्हीनं भागतात आणि भागाकार १.८च्या वर गेला तर गुठळीकडे कल देतात. म्हणजे पीसीव्ही ४० आणि सायनसमध्ये ७४ असेल तर भागाकार १.८५, संशय रास्त. पीसीव्ही ५५ असलेल्या माणसात ७० दिसले तर तो १.३च येतो.

आपल्या बाळंतिणींच्या बाबतीत हे गणित दोन्हीकडून चुकतं. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईच्या गुठळीचा आकडा ६०च्या खालीही राहू शकतो आणि वरवर बघणाऱ्याला काहीच वेगळं वाटत नाही. भागाकाराचाही भरवसा नाही, कारण प्लाझ्माची स्वतःची थोडी घनता असतेच, आणि पीसीव्ही फार कमी झाला की निरोगी रक्ताचा भागाकारसुद्धा वर सरकतो. अशा वेळी त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूच्या सायनसशी आणि बॅसिलर धमनीशी तुलना करा. एकाच शरीरातलं रक्त सगळीकडे सारखं घन असायला हवं. दहा-पंधरा युनिटांचा फरक दिसला तर दखल घ्या. उलट बाजू अशी की काही घरांत अजूनही बाळंतिणीला पाणी बेतानं देतात, वर शेक-शेगडी आणि मे महिन्याचं ऊन. शरीरातलं पाणी आटलं की सगळेच सायनस आणि धमन्याही पांढऱ्या दिसतात. सगळं सारखं पांढरं असेल तर ते घट्ट रक्त, एकच भाग पांढरा असेल तर गुठळी. नवजात बाळाचे सायनस मुळातच पांढरे दिसतात, तिथे हा नियम लावू नका.

सीटी व्हेनोग्रामबद्दल थोडं मोकळेपणानं. पुण्यात एमआरआयला उगाच मोठेपण आहे. कर्वे रस्त्यावरचं मशीन चांगलं असेलही, पण फिट येऊन गेलेली बाई चाकणच्या कोंडीतून दीड तास पुण्यात आणायची, मशीनमध्ये अर्धा तास न हलता झोपवायची, आणि शेवटी ‘हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट’ असं लिहून घ्यायचं, यापेक्षा तुमच्या जवळच्या १६ स्लाइसच्या सीटीवर दहा मिनिटांत नीट केलेला व्हेनोग्राम सायनसमधल्या गुठळीसाठी जास्त उपयोगाचा ठरतो. नीट केलेला म्हणजे काय, ते सांगतो. १८ किंवा २० गेजचा कॅन्युला, उजव्या हाताच्या कोपराच्या शिरेत. मिलीमागे ३०० ते ३७० मिलिग्रॅम आयोडीनचं नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट ८० ते १०० मिली, सेकंदाला ३ ते ४ मिली वेगानं, मागून ३०-४० मिली सलाइन. इंजेक्शन सुरू झाल्यापासून ४०-४५ सेकंदांनी स्कॅन, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापासून माथ्यापर्यंत, स्लाइस १ मिमी किंवा त्याहून पातळ. लवकर मारला तर धमन्या भरतात आणि शिरा अर्धवट राहतात, मग कॉन्ट्रास्ट न मिसळलेलं रक्त गुठळीसारखं दिसतं. वाचताना मेंदूची नेहमीची अरुंद विंडो ठेवू नका. त्यात कॉन्ट्रास्ट इतकं भगभगतं की आतली गुठळी त्यात बुडते. रुंदी ३००च्या आसपास आणि पातळी १०० ते १५० ठेवली की पांढऱ्या कडांच्या आत राखाडी त्रिकोण, म्हणजे ‘एम्प्टी डेल्टा’, दिसतो. हा त्रिकोण पहिल्या काही दिवसांत नसूही शकतो, कारण ताजी गुठळी स्वतःच बरीच घन असते. म्हणून व्हेनोग्रामच्या आधीचा साधा स्कॅन कधीही वगळू नका आणि दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा.

सीटी व्हेनोग्रामवर भरलेल्या सायनसमध्ये गोल, गुळगुळीत, २ ते ९ मिमीचा काळा खळगा दिसला तर घाबरू नका. अॅरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन (मेंदूच्या आवरणाच्या सायनसमध्ये डोकावणाऱ्या निरोगी गाठी) असतात त्या, ट्रान्सव्हर्सच्या बाहेरच्या टोकाला हमखास. त्यांची घनता पाण्यासारखी असते आणि टी२वर त्या सीएसएफइतक्याच (मेंदूभोवतीच्या पाण्याइतक्याच) पांढऱ्या दिसतात. गुठळी लांबट असते, सायनसच्या वळणाबरोबर जाते, एका सायनसमधून दुसऱ्यात शिरते.

उजवाच हात का, हे पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञाला कुणी सांगितलेलं नसतं. डावी ब्रेकियोसेफॅलिक शीर छातीच्या हाडामागून, महाधमनीच्या कमानीपुढून आडवी जाते आणि तिथे दबते. डाव्या हातात इंजेक्शन दिलं आणि रुग्णानं श्वास रोखून धरला, की कॉन्ट्रास्ट उलटं मानेत चढतं, जुग्युलरमधून थेट सिग्मॉइडपर्यंत. एमआर अँजिओग्राममध्येही याच कारणानं डावा सिग्मॉइड चमकताना दिसतो आणि ‘ड्युरल फिस्टुला’ (मेंदूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाणं) असा रिपोर्ट पडतो. डायलिसिसच्या रुग्णात मात्र हा प्रकार गमतीचा राहत नाही. हातावर डायलिसिससाठी केलेली फिस्टुला आणि जुन्या कॅथेटरमुळे छातीतली मोठी शीर अरुंद झालेली असली, तर धमनीच्या दाबाचं रक्त खरोखरच मेंदूच्या शिरांत उलटं जाऊ शकतं. मेंदूत सगळं ठीक दिसतं आणि डोकेदुखी थांबत नाही. अशा माणसाची इमेजिंग छातीपर्यंत न्यायला लागते.

आता मेंदूकडे, कारण सायनसवर दुमत झालं की मेंदू साक्ष देतो. शिरेच्या अडथळ्यातली इजा धमनीच्या हद्दी पाळत नाही. सुपीरिअर सॅजिटल बंद असेल तर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, माथ्याजवळ सूज आणि रक्ताचे ठिपके. ट्रान्सव्हर्स बंद होऊन लाबेची शीर (टेम्पोरल लोबचं रक्त ट्रान्सव्हर्समध्ये आणणारी) अडली तर त्याच बाजूचा टेम्पोरल लोब, बाहेरून मागे. तुमच्या रुग्णाच्या डाव्या टेम्पोरलमध्ये फ्लेअर या एमआरआय चित्रावर सूज किंवा एसडब्ल्यूआयवर रक्त असेल, तर ‘हायपोप्लेसिया’ हा शब्द मागे पडला. कॉर्टेक्सच्या लगेच खाली, काजूच्या आकाराचा छोटा रक्तस्राव दिसला तर आधी शिरेचाच विचार करा. स्ट्रेट सायनस आणि आतल्या शिरा बंद झाल्या तर दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या खोल मध्यातले भाग) एकदम सुजतात. पुण्यात पावसाळ्यानंतर असे थॅलॅमस दिसले की प्रत्येकाला डेंग्यू आठवतो, आणि तो खरा असूही शकतो. पण साध्या सीटीवर मधोमध दोन पांढऱ्या रेघा, म्हणजे इंटर्नल सेरेब्रल शिरा, ठळक आहेत का हे बघितल्याशिवाय एन्सेफलायटिस लिहू नये.

डिफ्यूजनवर (डीडब्ल्यूआय, ऊतीतलं पाणी किती मोकळं हलतं ते दाखवणारं चित्र) शिरेच्या इजेत खिचडी असते. काही भागात एडीसी (त्या हालचालीचं माप) कमी, काही भागात वाढलेला. धमनीच्या स्ट्रोकसारखा एकसंध पांढरा तुकडा क्वचित. एडीसी वाढलेला भाग म्हणजे साठलेलं पाणी, ते पुष्कळदा पूर्ण ओसरतं. त्यामुळे पहिल्या दिवसाचा एमआरआय कितीही भीषण दिसला तरी ‘एवढा मेंदू गेला’ असं नातेवाइकांना सांगायची घाई करू नका.

बाळंतिणीत डोकेदुखीची आणखी तीन कारणं याच चित्रात मिसळतात. स्पायनल भुलीनंतरची डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते आणि आडवं पडलं की कमी होते. ही खूण पुसली गेली, म्हणजे पडूनही डोकं ठणकायला लागलं, की शिरेची इमेजिंग मागा. भुलीचंच आहे म्हणत चार दिवस काढणं ही या आजारातली सगळ्यात नेहमीची चूक. प्रेस (पीआरईएस) नावाच्या, मेंदूला सूज आणणाऱ्या आजारात ब्लडप्रेशर चढलेलं असतं आणि सूज दोन्ही बाजूंना मागे, पॅरायटल-ऑक्सिपिटलमध्ये असते, सायनस स्वच्छ असतात. आरसीव्हीएसमध्ये (मेंदूच्या धमन्या तात्पुरत्या आकसतात तो आजार) डोकेदुखी सेकंदात शिखर गाठते आणि पुन्हा पुन्हा येते, तिथे धमन्यांचा अँजिओग्राम लागतो. पहिले काही दिवस तोही स्वच्छ येऊ शकतो.

डी-डायमर (गुठळीसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून इमेजिंग टाळू नका. बाळंतपणानंतर तो तसाही वाढलेला असतो, म्हणजे तुमच्या रुग्णात त्यातून फारसं काही निष्पन्न होणार नाही.

कॉन्ट्रास्टबद्दल घरचे विचारतीलच, बाळाला पाजायचं का? पाजू द्या. सीटीचं आयोडीनचं असो की एमआरआयचं गॅडोलिनियमचं, दुधात उतरणारं प्रमाण अत्यल्प असतं आणि बाळाच्या आतड्यातून त्यातलंही थोडंच शोषलं जातं. २४ तास दूध काढून फेकायला सांगणं आता सोडून द्यायला हवं. गरोदर बाईचं वेगळं आहे. तिला गॅडोलिनियम शक्यतो देत नाहीत, म्हणून टाइम ऑफ फ्लाइट आणि फेज कॉन्ट्रास्ट दोन्ही करून, एसडब्ल्यूआयच्या जोडीनं उत्तर काढायचं. एकट्या टाइम ऑफ फ्लाइटवर नाही. ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात त्याचा आकडा) ३०च्या खाली असेल तर रेडिऑलॉजिस्टशी आधी बोला.

मुळात काय मागायला हवं होतं, तर मागणीपत्रावर ‘एमआरआय ब्रेन + एमआरव्ही’ एवढंच लिहू नका. तेवढ्यात सेंटरचं ठरलेलं पॅकेज होतं, आणि ते पॅकेज गुठळीसाठी बनवलेलं नसतं. असं लिहा: ‘सिझेरियननंतर १२ वा दिवस, डोकेदुखी ४ दिवस, १ फिट, एचबी अमुक, पीसीव्ही अमुक, शिरेच्या गुठळीचा संशय. डीडब्ल्यूआय, एसडब्ल्यूआय, फ्लेअर, टी२, टी१ आणि कॉन्ट्रास्ट देऊन त्रिमितीय टी१ व एमआरव्ही.’ गॅडोलिनियम किलोला ०.१ मिलिमोल. कॉन्ट्रास्ट दिलेल्या एमआरव्हीत चमक रक्ताच्या वेगावर फारशी अवलंबून राहत नाही, म्हणून हळू वाहणारा लहान सायनसही भरतो आणि तुमच्यासारखा प्रश्न बहुतेकदा तिथेच मिटतो. रुग्ण अस्वस्थ असेल तर क्रम महत्त्वाचा: डीडब्ल्यूआय मिनिटभराचा, लगेच एसडब्ल्यूआय, मग कॉन्ट्रास्ट देऊन त्रिमितीय टी१. बाकीचं राहिलं तरी चालेल. आणि लक्षण सुरू होऊन किती दिवस झाले हे लिहायचं कधीही विसरू नका. तो आकडा नसेल तर गुठळीचा रंग वाचताच येत नाही.

तपासणीत गुठळी नाहीच निघाली, पण डोळ्याच्या पडद्यावर पॅपिलिडिमा (दाबामुळे ऑप्टिक नर्व्हच्या टोकाला सूज) आहे, बाई अंगानं जाड आहे आणि दोन्ही ट्रान्सव्हर्स सायनस बाहेरच्या टोकाला चिमटल्यासारखे दिसतात, तर ते बहुधा इडिओपॅथिक इंट्राक्रेनिअल हायपरटेन्शन, म्हणजे कारण न सापडता कवटीत वाढलेला दाब. सोबत चपटा पिट्युटरी, मागून सपाट झालेले डोळ्यांचे गोल आणि ऑप्टिक नर्व्हभोवती साठलेला सीएसएफ शोधा. तिथे सायनसचं आकुंचन पुष्कळदा दाबामुळेच झालेलं असतं. लंबर पंक्चर करून दाब उतरवला की ते काहींत मोकळं होतं. म्हणून पंक्चरच्या आधीचा आणि नंतरचा एमआरव्ही वेगळा दिसला तर तंत्रज्ञाला दोष देऊ नका. कुशीवर झोपवून मोजलेला दाब २५ सेंटिमीटर सीएसएफ किंवा जास्त हवा. पण हे निदान लावण्याआधी गुठळी नाही हे दाखवणं अटळ आहे, दोन्ही आजारांचा चेहरा इतका सारखा असतो.

एका कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येतोय असं रुग्ण म्हणाला तर ड्युरल फिस्टुलाची शंका ठेवा. ती जुन्या गुठळीनंतरही तयार होते. त्याचा शेवटचा निकाल डीएसएवर (कॅथेटर घालून केलेल्या अँजिओग्रामवर) लागतो. साध्या गुठळीच्या निदानासाठी डीएसए आता क्वचितच लागतो. कॅथेटरनं गुठळी काढण्यासाठीही नेहमी करत नाहीत. गंभीर रुग्णांवरच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधांपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही.

एक डोळा सुजून पुढे आला, हलेना, ताप आहे आणि साखर ४००, तर प्रश्न कॅव्हर्नस सायनसचा. एमआरव्हीत कॅव्हर्नस सायनस नीट दिसतच नाही. तिथे कॉन्ट्रास्ट देऊन चरबी दाबलेला टी१, कोरोनल पातळ स्लाइस, आणि नाकाच्या सायनसांसह चेहरा हवा. २०२१च्या म्युकरच्या लाटेनंतर पुण्यात हे सगळ्यांना पाठ झालं होतं, आता परत विसरायला लागलेत. वरची ऑफ्थॅल्मिक शीर जाड झाली आहे का आणि कॅरॉटिड अरुंद झाली आहे का, ही दोन उत्तरं रिपोर्टमध्ये मागून घ्या.

तुमच्या रुग्णात गुठळी पक्की झाली तर पुढची इमेजिंग दोन वेळा. उपचार चालू असताना शुद्ध हरपत गेली, नवा लकवा आला किंवा फिट थांबेनात तर लगेच, आणि तीही साधा सीटी, कारण तेव्हा प्रश्न मेंदू सरकतोय का आणि कवटी उघडायची वेळ आली का, हा असतो. सगळं ठीक चाललं तर तीन ते सहा महिन्यांनी एमआरव्ही, आणि तो पहिल्यासारख्याच पद्धतीनं. पहिला सीटी व्हेनोग्राम आणि दुसरा टाइम ऑफ फ्लाइट असं केलं तर तुलना होत नाही, आणि सायनस उघडला की नाही यावर पुन्हा एकदा तोच ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ वाचायला मिळतो. सायनस पूर्ण उघडला नाही तरी केवळ तेवढ्यासाठी गोळ्या वाढवत नाहीत. त्या कशामुळे गुठळी झाली यावर ठरतात. बाळंतपणासारखं तात्पुरतं कारण असेल तर साधारण तीन ते सहा महिने पुरतात. ही बाई बाळाला पाजते आहे, तेव्हा तोंडी औषध ठरवताना वॉर्फेरिन चालतं हे न्यूरॉलॉजिस्टशी बोलून घ्या. औषध बंद करायच्या वेळी एक एमआरव्ही करून तो जपून ठेवायला सांगा. वर्षभरानं डोकं पुन्हा दुखलं तर जुनी गुठळी कुठली आणि नवी कुठली, हे त्या चित्राशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.